गेटबाहेर गेलेली पिशवी

मी पिशव्या परत मोजल्या. अकराच होत्या. रजिस्टरमध्ये बारा होत्या.

हॉस्पिटलच्या मागं, लाँड्रीला लागून एक पत्र्याची खोली होती. सगळ्या वॉर्डांचा कचरा सकाळी तिथं यायचा, मोजला जायचा आणि खोलीला कुलूप लागायचं. पिवळ्या पिशव्या सात होत्या, बरोबर. लाल दोन, बरोबर. निळ्या तीन हव्या होत्या, पण दोनच होत्या. नव्हती ती मेल मेडिकल वॉर्डची. पिशवीवर वॉर्डचं नाव, तारीख आणि हॉस्पिटलचं नाव मार्करनं लिहायचा नियम होता आणि तो मीच काटेकोरपणे पाळायला लावत होते. म्हणजे आमच्या नावाची एक पिशवी कुठंतरी फिरत होती.

मी सांगलीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर-इन-चार्ज होते. ऐंशी खाटांचं हॉस्पिटल. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी नुकतेच नियम आले होते. तोवर ड्रेसिंगचे बोळे, सिरिंजा, जेवणाची खरकटी, सगळं एकाच बादलीत पडायचं आणि बादली मागच्या उकिरड्यावर रिकामी व्हायची. नियम आले तेव्हा त्यांचं पुस्तक इंग्रजीत होतं. आमचे सुपरिंटेंडंट डॉ. गोसावी यांनी ते माझ्या हातात दिलं.

"सिस्टर, तुमचं अक्षर चांगलं आहे. हे तुम्ही बघा."

अशी मी कचऱ्याची इन-चार्ज झाले. वॉर्डची ड्यूटी होतीच, त्यात ही भर.

हे रंगांचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. पिवळ्या पिशवीतलं जाळायचं. रक्ताचा कापूस, बँडेज, ऑपरेशनमध्ये काढलेला भाग. लाल पिशवीत कॅथेटर, रक्ताच्या ट्यूब. निळ्या पिशवीत सिरिंजा आणि सलाइनचे सेट. निळ्यातला माल मागच्या खोलीत ब्लीचच्या पाण्यात बुडवायचा, मग त्याचे तुकडे करायचे, म्हणजे कुणी धुऊन पुन्हा वापरू शकत नाही. एवढं झालं की ते प्लास्टिक भंगारात गेलं तरी चालतं. सुया मात्र निळ्या पिशवीत येताच कामा नयेत. त्यासाठी वॉर्डावॉर्डात नीडल डिस्ट्रॉयर बसवले होते. डब्याएवढं विजेचं यंत्र. भोकात सुई घातली की चर्र आवाज होऊन ती जळून जाते.

मेल मेडिकलचं यंत्र तीन दिवसांपूर्वी जळालं होतं. दुरुस्तीला गेलं होतं. आणि रोजच्या तक्त्यात "सुया नष्ट केल्या" या रकान्यात मी तिन्ही दिवस टिक केली होती.

का केली? चार दिवसांवर इन्स्पेक्शन होतं. हॉस्पिटलला कचरा हाताळायची सरकारी परवानगी हवी होती, तिला ऑथरायझेशन म्हणतात. प्रदूषण मंडळाचे अधिकारी येऊन खोली बघणार, रजिस्टर बघणार आणि मग ती देणार. रिकामा रकाना वाईट दिसला असता. यंत्र येईपर्यंतचाच प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खोलीला कुलूप होतं, किल्ली भरवशाच्या माणसाकडं होती. त्या सुया कुठं जाणार होत्या?

गेल्या होत्या. सुयांसकट, ब्लीचशिवाय. आणि त्या आठवड्यात मेल मेडिकलच्या कोपऱ्यातल्या खाटेवर एक पेशंट होता, ज्याचा रिपोर्ट मला ठाऊक होता. त्या काळी त्या रोगाचं नाव आम्ही वॉर्डात उच्चारत नसू. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनानं एक खूण असायची. ती मीच केली होती.

किल्ली बंडूमामांकडं असायची. मामा हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासूनचे वॉर्डमधले कामगार. रिटायरमेंटला आले होते. मी त्यांना खोलीत बोलावलं.

"मामा, मेल मेडिकलची निळी पिशवी कुठं आहे?"

"ती व्हय? दिली की."

"कुणाला दिली?"

"भंगारवाल्याला. काल दुपारी आला हुता. लय दिसांनी आला."

"मामा, अहो का दिली?"

मामांचा चेहरा कसनुसा झाला. "सिस्टर, तुमीच सांगितलं हुतं न्हवं? निळी म्हंजे पलास्टिक. पलास्टिक भंगारात जातंय. मी ध्यानात ठेवलं हुतं की बरूबर."

ट्रेनिंग मीच दिलं होतं. अर्ध्या तासात सगळे रंग उरकले होते. ब्लीच आणि तुकडे हे मधलं वाक्य मी म्हटलं होतं, पण मामांना आधीची पंचवीस वर्षं सलाइनच्या बाटल्या भंगारात द्यायची सवय होती. त्यांच्या डोक्यात सुरुवात आणि शेवट राहिला. मधलं गळालं. दुसऱ्या दोन पिशव्या वाचल्या त्या केवळ भंगारवाल्याच्या सायकलवर जागा नव्हती म्हणून.

मी डॉ. गोसावींच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्या खोट्या टिकेचं सोडून.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रजिस्टरमध्ये बारा आहेत?"

"हो सर."

"मग बाराच आहेत. बाराही नियमाप्रमाणं संपवल्या, असं लिहा. झालं."

"सर, पिशवी बाहेर आहे. आत सुया आहेत."

"सुया कशा असतील? तुम्ही रोज टिक करता ना?"

मी नजर चुकवली. त्यांना कळलं. पंख्यानं टेबलावरचे कागद उडत होते, ते त्यांनी दाबले नाहीत.

"सिस्टर, ऑथरायझेशन अडकलं तर ट्रस्टी मला विचारतील. मी तुम्हाला विचारेन. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, एवढं लक्षात घ्या."

ते मला सांगायची गरज नव्हती. मी कवठे महांकाळची. आमच्या घरात नोकरीला लागलेली मी पहिली. आईनं लोकांच्या शेतात तण भांगलून मला नर्सिंगला घातलं. पांढरा ड्रेस घालून पहिल्यांदा घरी गेले तेव्हा तिनं तो हात न लावता नुसता बघितला होता, मळेल म्हणून. मेमो मिळालेली मुलगी तिला मी कशी दाखवणार होते?

पण ती कोपऱ्यातली खाट डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"सर, मला जीप द्या. पिशवी मिळाली तर घेऊन येते. मग तुम्ही म्हणाल ते करू."

त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

मामा बरोबर आले. त्यांना घरी जायला सांगितलं तरी ऐकेनात. गणपती पेठेच्या मागल्या अंगाला एका बोळात भंगारवाल्याचं दुकान होतं. माणूस सज्जन होता. मामांना बघून त्यानं खुर्ची पुढं केली. पण माल त्याच्याकडं नव्हता.

"सकाळच्या पिकअपनं गेला. आम्ही काय निवडत न्हाई. कुंडलच्या अलीकडं फाट्यावर शेड हाय, तिथं बायका निवडत्यात. कडक पलास्टिक येगळं, मऊ येगळं."

"हातानं?"

"मग कशानं?" त्यानं मलाच विचारलं.

पलूसच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंनी ऊस होता. मामा मागच्या सीटवर बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. एकदा म्हणाले, "सिस्टर, माझ्या हातनं कुणाचं वाईट व्हायचं न्हाई हो." मी मागं वळून बघितलं नाही. त्यांच्या हातून झालेलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं म्हणजे टिकेचं सांगावं लागलं असतं. मी घड्याळ बघत होते. पिकअप सकाळी निघाला. आता साडेबारा. चार तासांत त्या बायका किती पोती निवडतात, याचा हिशेब मला येत नव्हता.

शेड म्हणजे चार खांब, वर पत्रे. खाली प्लास्टिकचे ढीग. तीन बायका बसल्या होत्या. मधली पस्तिशीची असेल. तिच्या पुढ्यात आमची निळी पिशवी होती. उघडी. हॉस्पिटलचं नाव वरच्या बाजूला, माझ्याच अक्षरात.

निम्मा माल बाहेर काढून झाला होता. सिरिंजा एका बाजूला, सलाइनच्या नळ्या एका बाजूला, आणि सुया ती दातेरी विळ्याच्या टोकानं उपसून एका फुटक्या डब्यात टाकत होती. डाव्या हाताच्या अंगठ्याला तिनं साडीच्या काठाची चिंधी बांधली होती. चिंधी लाल झाली होती.

"थांबा," मी ओरडले. तिन्ही बायका दचकल्या. जीपमधून पांढऱ्या कपड्यातली बाई उतरून ओरडते म्हटल्यावर दचकणारच.

मी तिच्याजवळ बसले. "हे कधी लागलं?"

"मगाशी. आवं बाई, रोजच टोचतंय की. त्यात काय एवढं?"

"या पिशवीतलंच ना?"

"व्हय. ह्यातच सुया लय हाईत."

नाव विचारलं. सुमन. मी तिला उठवून पाण्याच्या टाकीशी नेलं. पर्समध्ये साबणाची वडी असायची, ती काढली. अंगठा वाहत्या पाण्याखाली धरून धुतला. दाबायचा नाही, चोखायचा नाही, नुसता साबणानं धुवायचा. तेवढंच माझ्या हातात होतं. दोनदा धुऊनही मी साबण खाली ठेवत नव्हते.

"बाई, इख हाय का काय त्यात?" तिनं विचारलं.

दोघी बायका कान देऊन ऐकत होत्या. मी म्हटलं, "सुमनबाई, माझ्याबरोबर सांगलीला चला. तपासून घेऊ. गाडीनं परत आणून सोडते."

"माझी सासू घरात वाट बघंल. काय म्हणून सांगू?"

ती जरा विचार करून स्वतःच म्हणाली, "धनुर्वाताचं विंजेक्शन म्हणून सांगते." आणि शेजारणीला निरोप देऊन जीपमध्ये बसली. मामांनी पिशवी, डबा, निवडलेल्या सिरिंजा, सगळं हातमोजे घालून एका पोत्यात भरलं. हातमोजे मी निघताना घेतले होते. मामांनी ते घालताना प्रथमच मला विचारलं, "हे आमाला रोज का देत न्हाई वो?"

जीपमध्ये मी तिच्याशेजारी बसले आणि खरं सांगायचं ठरवलं. ड्रायव्हर होता, मामा होते, म्हणून तिला विचारलं, नंतर एकटीला सांगू का. ती म्हणाली, "सांगा की आत्ताच. मला घोर लागलाय."

मी हळू आवाजात सांगितलं. त्या सुया दवाखान्यातल्या आजारी माणसांच्या आहेत. त्यात एड्सच्या आजाराच्या माणसाची सुई असू शकते. असेलच असं नाही. असली तरी एका टोचण्यानं रोग व्हायची शक्यता फार कमी. पण आहे.

तिनं तो शब्द ऐकला होता. पलूसच्या स्टँडवर भिंतीला त्याचा चित्रांचा बोर्ड होता.

"त्यो तर ट्रकवाल्यास्नी हुतोय न्हवं? मी घर आन शेड सोडून कुठं जात न्हाई, बाई."

"सुईला ते कळत नाही, सुमनबाई."

पुढं सांगलीपर्यंत ती अंगठा दुसऱ्या मुठीत धरून बसली होती.

डॉ. गोसावी कॅज्युअल्टीच्या दारात उभे होते. सुमनला बघितलं, अंगठा बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"ही आपली स्टाफ नाही. हिचं काहीही आपल्यावर येत नाही. तुम्ही हिला इथं आणून ते आपल्यावर आणलंत."

"सर, पिशवी आपली आहे."

ते केबिनमध्ये निघून गेले. मला वाटलं, संपलं. मी सुमनचं रक्त तपासणीला घेतलं. आजचं रक्त फक्त आधीची स्थिती सांगतं. नवीन लागण रक्तात दिसायला आठवडे जातात, म्हणून पुन्हा दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी बघावं लागतं. तोवर कुणालाच काही सांगता येत नाही. हे मी तिला समजावत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते फोनवर होते. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले, "एक औषध आहे. टोचल्यावर लवकर सुरू केलं तर लागण टळू शकते. जितकं लवकर तितकं बरं, तीन दिवसांनंतर उपयोग नाही. मिरजेत दोघांना विचारलं, आज स्टॉक नाही. साताऱ्याला माझा बॅचमेट आहे, त्याच्याकडं महिन्याचा कोर्स आहे. कोण आणेल?"

"मी आणते, सर."

पहाटेच्या पहिल्या एसटीनं मी निघाले. सुमनला हॉस्पिटलमध्येच ठेवून घेतलं होतं आणि सासूला ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला होता. कराड येईपर्यंत मनात एकच चाललेलं, तीन दिवसांतला एक गेला. साताऱ्याच्या स्टँडवर डॉक्टरांचा कंपाउंडर खाकी पाकीट घेऊन उभा होता. मी पाकीट उघडून कॅप्सूल मोजल्या, तारीख बघितली, परत मोजल्या. तो हसला. "सिस्टर, बरोबर आहेत." मी म्हटलं, "असतील. पण मी आता बघितल्याशिवाय काही मानत नाही." आणि समोरच लागलेल्या सांगलीच्या गाडीत बसले. दुपारी दोनला सुमननं पहिली मात्रा घेतली.

आता इन्स्पेक्शन.

मंडळाचे अधिकारी तीन दिवसांनी आले. तरुण होते. अंगात बुशशर्ट, हातात चामडी फोल्डर. खोली बघितली, कचरा जाळायचा खड्डा बघितला, ब्लीचचं पाणी हुंगून बघितलं. मग केबिनमध्ये बसून रजिस्टर उघडलं. डॉ. गोसावी शेजारी होते. मी उभी होते.

रजिस्टरमध्ये मी काय लिहायचं यावर आदल्या दिवशी आमचं काही बोलणं झालं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. मी मात्र सगळं लिहून ठेवलं होतं. पिशवी कधी गेली, कुठं सापडली, कुणाला टोचलं, औषध कधी सुरू झालं. फक्त एक गोष्ट लिहिलेली नव्हती.

अधिकाऱ्यांनी ते पान वाचलं. मग मागं जाऊन रोजचा तक्ता काढला.

"सुया नष्ट केल्याची इथं टिक आहे. मग पिशवीत सुया कशा आल्या?"

डॉ. गोसावी घसा साफ करून म्हणाले, "काही वेळा एखाद-दुसरी सुटते..."

"सर," मी म्हणाले. "ही टिक खोटी आहे. यंत्र बंद होतं. माहीत असून मी टिक केली. तिन्ही दिवस."

अधिकाऱ्यांनी पेन उघडलं, मग परत टोपण लावलं.

"सिस्टर, हे तुम्ही मला कशाला सांगताय?"

"तुम्ही विचारलं म्हणून."

"मी आजवर जेवढी हॉस्पिटलं बघितली," ते म्हणाले, "तिथं एकाही रजिस्टरमध्ये एकही अपघात नाही. पहिलाच हा." त्यात कौतुक होतं की तक्रार, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी शेरा लिहिला. ऑथरायझेशन तूर्त तीन महिन्यांपुरतं दिलं, त्यात त्रुटी दुरुस्त करायच्या. प्रत्येक वॉर्डाला जादा नीडल डिस्ट्रॉयर, खोलीला दुसरं कुलूप, कामगारांना हातमोजे आणि मराठीत प्रशिक्षण. मला मेमो मिळाला. तो डॉ. गोसावींनी स्वतः टाइप करून घेतला आणि देताना म्हणाले, "सिस्टर, हा द्यावाच लागतोय." मी म्हटलं, "द्यायलाच हवा, सर." मामांवर काही आलं नाही. त्यांचा दोष नाही, एवढंच एक वाक्य मी त्या मेमोत घालून घेतलं होतं.

सुमनला औषधानं फार त्रास झाला. उलट्या, अशक्तपणा. बाराव्या दिवशी ती गोळ्या घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "हे घ्या बाई तुमचं. रोगापरीस औषिदच मारायला लागलंय." मी तिला बसवलं. चहा पाजला. समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. ती गोळ्या उचलून गेली. पुढचे सोळा दिवस मी दर दुसऱ्या दिवशी पलूसच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवायची. तिला वाचता यायचं नाही. शेडमधली एक बाई वाचून दाखवायची. चिठ्ठीत "धनुर्वाताच्या गोळ्या चुकवू नका" एवढंच असायचं.

दीड महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण त्यानं कुणाचं समाधान होत नव्हतं. खरा तीन महिन्यांचा. आणि त्या तारखेच्या तोंडावरच दिवाळी होती.

सुमनचा नवरा मुंबईला हमाली करायचा, दिवाळीला चार दिवस यायचा. रिपोर्ट येईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहायचं, हे मी तिला सांगितलं होतं. "त्येला काय सांगू?" ती म्हणाली होती. खरं सांगितलं आणि त्यानं घराबाहेर काढली तर? वॉर्डात असं घडलेलं मी बघितलं होतं. न सांगावं तर तेही पाप.

तपासणीची तारीख गेली. सुमन आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी ड्यूटीवर असायचे, पण कुणी दार लोटलं की दचकायचे. मामा दुपारी येऊन विचारायचे, "आली का?" मी नाही म्हणायची. ते जाऊन गेटजवळच्या बाकावर बसायचे.

चौथ्या दिवशी सुमन आली. बरोबर उंच, काळासावळा माणूस, डोक्याला कानांवरून बांधलेलं टापर. नवरा. मी उठून उभी राहिले. त्यानं नमस्कार केला.

"हिनं सांगितलं मला सगळं," तो म्हणाला. "दोन दिस मी बोललो न्हाई. माझं डोस्कंच चालंना. मग म्हटलं, ही तर काम करताना टोचून घेतलीया. मी पोती उचलताना कंबार मोडली असती तर हिनं मला टाकलं असतं का?" मग जरा थांबून, "माझंबी रगत बघा. मुंबईत मी काय धुतल्या तांदळाचा न्हाई."

सुमन खिडकीबाहेर बघत होती.

दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. सहाव्या महिन्याचाही निगेटिव्ह आला. त्या दिवशी मी लॅबचा कागद तीनदा वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर सुमन अजून टेबलापाशीच उभी होती.

"बाई, माझं झालं. आता त्या दोघींचं रगत कवा बघायचं?"

"कुणाचं?"

"शेडातल्या. त्यास्नी काय कमी टोचतंय? मला कळलं म्हणून मी भ्याले. त्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई."

मी सहा महिने सुमनचा एक अंगठा बघत बसले होते. त्याआधीची सगळी वर्षं, सगळ्या दवाखान्यांच्या सगळ्या सुया त्याच तीन बायकांच्या हातांखालून गेल्या होत्या. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नियमात आमच्या गेटच्या आतलं सगळं बारकाईनं लिहिलेलं होतं. शेडचा उल्लेख कुठंच नव्हता.

डॉ. गोसावींना सांगितलं. या वेळी त्यांनी चष्मा काढला नाही. "घेऊन या," एवढंच म्हणाले.

दोघींचं रक्त घेतलं. एड्सचं काही निघालं नाही. पण थोरलीला काविळीची लागण निघाली. रक्तातून होते ती, लिव्हर हळूहळू खाणारी. आमच्या पिशवीतून झाली होती की दुसऱ्या कुठल्या, हे कोण सांगणार? तिला मिरजेला डॉक्टरांकडं लावून दिली. तिच्या मुलांना लस टोचली. शेडच्या मालकाला जाड हातमोजे घ्यायला लावले. बायका ते चार दिवस घालत आणि बोटं चालत नाहीत म्हणून काढून ठेवत.

पुढं दहा-बारा वर्षं मी सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांतल्या हॉस्पिटलांत या कचऱ्याचं प्रशिक्षण देत फिरले. रंगांचा तक्ता मी शेवटी काढायची. आधी समोरच्या डॉक्टरांना, सिस्टरांना एकच प्रश्न विचारायची, की ही पिशवी तुमच्या गेटबाहेर पडल्यावर पहिल्यांदा कोण उघडतं, त्या माणसाचं नाव सांगा.

नाव कुणालाच सांगता यायचं नाही.